दोन डी७५०, तीन कंपन्या आणि एक लग्नसराई: एका फोटो स्टुडिओच्या कॅमेरा बदलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हा स्टुडिओ पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मालक साठीला टेकलेले. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, इथेही तेच म्हणतो. सोबत त्यांचा सत्तावीस वर्षांचा पुतण्या. मी या स्टुडिओचे अल्बम डिझाइन करतो. गेली नऊ वर्षं त्यांच्या कॅमेऱ्यातून निघालेली जवळपास प्रत्येक फाइल माझ्या स्क्रीनवरून गेली आहे. त्यामुळे कॅमेरा बदलायची वेळ आली तेव्हा सल्ला देणाऱ्यांत मीही होतो. जिथे सल्ला चुकला, तिथे माझाही वाटा आहे.

ही गोष्ट ऑक्टोबर २०२२ ची. कोरोनाची दोन वर्षं मोजक्या माणसांत लग्नं उरकून झाली होती. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या सराईच्या तारखा भराभर जात होत्या. स्टुडिओकडे दोन निकॉन डी७५० बॉड्या, म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे, होत्या. हे मॉडेल २०१४ चं, २४ मेगापिक्सेलचं, आणि त्याने स्टुडिओला भरपूर कमावून दिलं होतं. लेन्स चार होत्या: स्वतःची फोकस मोटर असलेली २४-७० एफ/२.८, आणि जुन्या ‘डी’ मालिकेतल्या ५० एफ/१.८, ८५ एफ/१.८ आणि ८०-२०० एफ/२.८.

या शेवटच्या लेन्सबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. अण्णांनी ती २००३ साली मुंबईच्या बोरा बाजारातून घेतली, निम्मे पैसे मेहुण्याकडून उसने आणून. पाठवणीच्या वेळी ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहतात आणि या लेन्समधून मुलीच्या आईचा चेहरा टिपतात. माझ्या हातून गेलेल्या बहुतेक अल्बमांतलं सगळ्यात चांगलं पान या लेन्सचं आहे.

अडचण

वरवर पाहता अडचण शटरची होती. डी७५० चं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं. पहिल्या बॉडीने दोन लाख कधीच ओलांडले होते. ऐन मुहूर्ताला ती अडकली तर काय, ही धास्ती अण्णांना प्रत्येक लग्नात असायची.

खरी अडचण वेगळी होती. गिऱ्हाईक आता फोटो आणि व्हिडिओ वेगवेगळे मागत नव्हतं. ट्रॅडिशनल, कँडिड, टीझर, रील, सगळं एकाच माणसाकडे हवं होतं. डी७५० वर व्हिडिओ घेताना आरसा वर जातो, फोकस लाइव्ह व्ह्यूच्या, म्हणजे मागच्या पडद्यावरच्या चित्राच्या, भरवशावर राहतो आणि चालत येणारी नवरी फोकसमध्ये येईपर्यंत दोनदा पुढे-मागे होते. म्हणून प्रत्येक लग्नाला व्हिडिओसाठी बाहेरचे फ्रीलान्सर बोलवावे लागत. बजेटचा मोठा भाग तिकडे जाई. तारीख त्यांच्या सवडीने ठरे. एडिट हाती कधी येईल ते त्यांच्या मर्जीवर. त्या वर्षी दोन चांगल्या ऑर्डरी याच कारणाने हातच्या गेल्या.

हाताशी साडेचार लाख होते. त्यात थोडी शिल्लक आणि बाकीचं कर्ज.

समोरचे पर्याय

पुतण्याचं मन आधीच ठरलं होतं: सोनी. त्याच्या ओळखीचे सगळे व्हिडिओवाले सोनी वापरत होते. अण्णांना निकॉन सोडायचं नव्हतं. कॅनन सुचवलं ते अण्णांच्या शेजारच्या तालुक्यातल्या एका मित्राने.

कॅननचा ईओएस आर६ लवकर बाजूला पडला. कॅमेरा उत्तम होता. पण स्टुडिओकडे कॅननचं काहीच नव्हतं, आणि त्याच्या आरएफ माउंटला (लेन्स बसते त्या कड्याला) तेव्हा टॅमरॉन किंवा सिग्माच्या स्वस्त ऑटोफोकस लेन्स मिळत नव्हत्या. कॅननच्याच जुन्या ईएफ लेन्स ॲडॅप्टरवर छान चालतात, पण त्या असणाऱ्याला. शिवाय एका क्लिपला २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा होती. अंतरपाट धरल्यापासून सप्तपदीपर्यंतचं ट्रॅडिशनल शूटिंग एवढ्यात बसत नाही. दर अर्ध्या तासाला बटण पुन्हा दाबायला विसरणारा माणूस मी पाहिला आहे.

निकॉनचा पर्याय म्हणजे दोन झेड६ टू. यातही क्लिपची तीच मर्यादा होती, पण जुळणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या. एफटीझेड ॲडॅप्टर (जुन्या निकॉन लेन्स झेड कॅमेऱ्यावर बसवणारा जोड) लावला की २४-७० पूर्वीसारखी चालणार होती. जुन्या बॅटऱ्या त्यात बसतात. फ्लॅश तोच. अण्णांच्या बोटांना बटणं ओळखीची. मेनूसुद्धा ओळखीचा.

इथेच डी लेन्सचा प्रश्न आला. या लेन्सना स्वतःची मोटर नसते. बॉडीतली मोटर माउंटमधल्या एका बारीक स्क्रूने त्यांचा फोकस फिरवते. डी७५० मध्ये ती मोटर आहे, झेड बॉडीत नाही आणि एफटीझेडमध्येही नाही. म्हणजे ५०, ८५ आणि ८०-२०० या तिन्ही लेन्स झेड६ टू वर लागणार, आतल्या पात्यांची उघडझाप करणार, फोटोही काढणार, पण फोकस हाताने करावा लागणार. अण्णा ‘आपल्या सगळ्या लेन्स चालतील’ असं धरून चालले होते. दुकानदारानेही ‘चालतात की’ असंच सांगितलं होतं. चालतात हे खोटं नव्हतं. आम्ही पुढचा प्रश्न विचारला नव्हता.

सोनीचा पर्याय म्हणजे ए७ फोर. ३३ मेगापिक्सेल, व्हिडिओला वेळेची मर्यादा नाही, कॅमेऱ्यातच १०-बिट (रंगांच्या जास्त छटा साठवणारं) रेकॉर्डिंग. टॅमरॉन आणि सिग्माच्या लेन्स या माउंटला भरपूर आणि परवडणाऱ्या. फ्रीलान्सर बोलवावा लागला तरी त्याची लेन्स आपल्या बॉडीवर आणि आपली त्याच्या बॉडीवर बसणार. बदल्यात जुनं जवळपास सगळं सोडायचं. निकॉनसाठी घेतलेल्या कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचं टीटीएल, म्हणजे प्रकाश आपोआप ठरवायची सोय, सोनीवर चालत नाही. स्टुडिओतल्या गोडॉक्सच्या मोठ्या लाइटांना मात्र फक्त वरचा ट्रिगर बदलला की पुरतं.

चौथा पर्याय कोणी फारसा बोलला नाही, पण तो होता: एक शटर बदलून घ्यायचं आणि आणखी एक सराई आहे त्यावर काढायची.

मेगापिक्सेलचा वाद मी एका संध्याकाळी मिटवला. आमचा करिझ्मा अल्बम १२ बाय ३६ इंचांचा. एकच फोटो दोन्ही पानांवर पसरला, तरी २४ मेगापिक्सेलच्या ६००० पिक्सेल रुंदीतून इंचाला १६६ पिक्सेल मिळतात, ३३ मेगापिक्सेलमधून १९४. मांडीवर अल्बम घेऊन बघणाऱ्या आजीला हा फरक दिसत नाही. माझ्या हार्ड डिस्कला दिसतो.

चाचणी

पुण्यातून तीन दिवसांसाठी झेड६ टू आणि ए७ फोर भाड्याने आणले. पुतण्याच्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. घरच्यांना आधी सांगून परवानगी घेतली. मुख्य काम डी७५० वरच ठेवलं, नवे दोन्ही कॅमेरे जादा म्हणून फिरवले. या तीन दिवसांच्या भाड्याइतका सत्कारणी लागलेला पैसा या सगळ्या प्रकरणात दुसरा नाही.

सकाळी हळद होती, उघड्या अंगणात. अण्णा आयुष्यभर जेपीईजीवरच, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेल्या फोटोवरच, काम करत आले. हळदीत कॅमेऱ्याचा लाल चॅनेल सगळ्यात आधी फुटतो. गालावर हळद जाड लागलेली असते तिथे त्वचेचे बारकावे जाऊन सपाट केशरी डाग उरतो. दोन्ही कॅमेऱ्यांच्या जेपीईजीत हे झालं, फक्त डागाची छटा वेगळी. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, उघडल्यावर दोन्हींमध्ये बोटांचे ठसेसुद्धा परत आले. ‘सोनीची स्किन खराब येते’ हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो, पुढे सांगतही आलो होतो. त्या दिवशी रॉ शेजारी-शेजारी ठेवून रंग जुळवले आणि तासाभराने कोणती फाइल कोणाची हे मलाच नाव वाचून बघावं लागलं.

संध्याकाळी गोरज मुहूर्त. कार्यालयात स्टेजवर एलईडी पार लाइट. पुतण्याने मंगलाष्टकांत आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं आणि नवरीच्या शालूवर आडवे काळे पट्टे उमटले. दोन्ही कॅमेऱ्यांवर. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं आणि तेवढ्यात एलईडी अनेकदा लुकलुकून घेतो, त्याचे हे पट्टे. मेकॅनिकल शटरवर आल्यावर ते जवळजवळ गेले. हे मुहूर्ताआधी दहा मिनिटं कळलं म्हणून बरं.

मग अंतरपाट दूर झाला. या क्षणाची परीक्षा कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत नसते. डोळ्यांच्या बाजूने मुंडावळ्यांचे मोती लोंबत असतात, नवरा मान खाली घालतो, आणि कॅमेरा आणि चेहरा यांच्यामध्ये अक्षतांचा पाऊस पडतो. झेड६ टू ने डोळा बरोबर पकडला होता, पण अक्षता आल्यावर चार-पाच फ्रेम मुंडावळीच्या मोत्यांवर गेल्या आणि मग तो परत डोळ्यावर आला. ए७ फोर एका फ्रेममध्ये हवेतल्या तांदळावर गेला आणि लगेच परतला. एका लग्नावरून निवाडा करता येत नाही हे मला मान्य आहे. पण त्या दहा सेकंदांचा व्हिडिओ पाहून अण्णा गप्प झाले. तिथे सोनीचा फोकस नवरीच्या चेहऱ्यावरून हललाच नव्हता.

अण्णांची तक्रार वेगळी होती. ‘‘टीव्हीत बघून फोटो काढल्यासारखं वाटतंय रे,’’ इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरला डोळा लावून ते म्हणाले. लेन्स बदलताना तर काळजाचा ठोका चुकला. निकॉनची लेन्स ज्या दिशेने फिरवून बसते, सोनीची त्याच्या उलट. अण्णांनी गर्दीत सवयीने फिरवली, बसली असं समजून हात सोडला, आणि पुतण्याने ती खालच्या खाली झेलली.

निर्णय

तिसऱ्या दिवशी रात्री स्टुडिओच्या काउंटरवर प्रिंटच्या पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला. पहिल्या हिशोबात निकॉन सोनीपेक्षा सव्वा लाखाने स्वस्त पडत होता. मग डी लेन्सच्या जागी ऑटोफोकसवाल्या लेन्स धरल्या. झेड६ टू चा एक स्लॉट महागड्या सीएफएक्सप्रेस कार्डाचा, तीही कार्डं धरली. फरक चाळीस हजारांवर आला.

‘‘अण्णा, मग दोन्ही बॉड्या सोनीच घेऊ. अर्धवट काही नको,’’ पुतण्या म्हणाला.

‘‘आणि माझं काय? सराईत मी शिकत बसू?’’

हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण. माझं मत तेव्हा अण्णांच्या बाजूने होतं, आजही आहे. तोंडावर आलेल्या हंगामात दोन्ही माणसांच्या हातातलं हत्यार एकदम बदलणं धोक्याचं होतं. शेवटी ठरलं ते असं: एकच ए७ फोर, टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ आणि जुन्या बाजारातली सोनीची ८५ एफ/१.८. तो संच पुतण्याचा, व्हिडिओ आणि कँडिडसाठी. अण्णांनी चांगल्या अवस्थेतली डी७५० आणि त्यांची ८०-२०० ठेवायची. शटर संपत आलेली बॉडी विकायची.

खरेदीच्या वेळी एका विक्रेत्याने बिलाशिवाय वीस हजार कमी सांगितले. कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, पण स्टुडिओची जीएसटी नोंदणी नसल्याने तो परत मिळणार नव्हता. मोह होता. तरी बिल घेतलं, कारण कर्ज, विमा आणि वॉरंटी तिन्हींना ते लागतं.

अंमलबजावणी

नोव्हेंबरच्या पहिल्या लग्नाच्या फाइल माझ्याकडे आल्या. दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र करून वेळेप्रमाणे लावले. एका फ्रेममध्ये नवरा-नवरीच्या गळ्यात हार आणि पुढच्याच फ्रेममध्ये दोघांच्या मधे अंतरपाट. सात मिनिटांचा फरक होता दोन घड्याळांत. पूर्वी दोन्ही बॉड्या सारख्या असल्याने अण्णा त्या एकदमच जुळवत. आता मेनू वेगळे झाले आणि ते काम दोघांच्या मधे राहून गेलं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात पहिला फोटो दोघेही एकाच मोबाइलच्या घड्याळाचा काढतात, सेकंद दिसतील असा. मी त्यावरून वेळ सरकवून घेतो. बिनखर्चाचा उपाय आहे, आणि दोन कंपन्यांचे कॅमेरे एकत्र वापरणाऱ्या प्रत्येकाने तो करावा.

मोठा फटका कॉम्प्युटरवर बसला. पुतण्याने उत्तम दर्जा म्हणून १०-बिट ४:२:२ एच.२६५ हा व्हिडिओचा प्रकार निवडला. स्टुडिओच्या पीसीवर ती क्लिप टाइमलाइनवर टाकली की दर दोन सेकंदांनी अडायची. चांगलं ग्राफिक्स कार्ड होतं, पण या प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडायची सोय तेव्हाच्या त्या कार्डांत नव्हती. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये ती होती, आणि स्टुडिओचा प्रोसेसर आठव्या पिढीचा. डिसेंबरभर प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, बनवून, रात्र-रात्र पीसी चालू ठेवून काम उरकलं. जानेवारीत नवा पीसी घ्यावा लागला.

यात मी चुकलो. एडिटिंगचा माणूस मी. ताशी ४५ जीबी भरणारा १०० एमबीपीएसचा व्हिडिओ आणि सुमारे ३५ एमबीची प्रत्येक रॉ फाइल येणार हे मला आधी दिसायला हवं होतं. पाकिटाच्या पाठीवरच्या हिशोबात पीसी नव्हता, हार्ड डिस्क नव्हत्या. चाचणीच्या दिवशीच एक क्लिप त्याच पीसीवर लावून पाहिली असती तरी कळलं असतं. चाळीस हजारांच्या फरकावर आम्ही रात्र जागलो आणि त्याहून मोठा खर्च कोणी मोजलाच नाही.

बॅटरीचीही सवय बदलावी लागली. डी७५० ची बॅटरी प्रमाणित चाचणीत १२३० फोटो देते, ए७ फोरची व्ह्यूफाइंडरवर ५२०. व्हिडिओ धरला तर लग्नाला चार बॅटऱ्या लागतात. वैशाखातल्या मांडवात कॅमेरा तापून बंद होऊ नये म्हणून तापमानाची मर्यादा मेनूत ‘हाय’ करून ठेवली आणि गरज नसेल तिथे ४के ६०पी (सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ) टाळलं.

परिणाम

पहिल्या सराईत बाहेरच्या व्हिडिओवाल्यांची गरज बहुतेक लग्नांत संपली. मोठ्या लग्नाला एक जादा माणूस अजूनही येतो, तो आपली सोनी घेऊनच. दोघांच्या लेन्स एकमेकांच्या कामी येतात, रंग जुळवायला मला वेळ लागत नाही. पुतण्याचा मुद्दा इथे बरोबर ठरला. कर्ज दुसऱ्या सराईच्या शेवटी फिटलं.

अण्णांनी रॉवर यायला एक अख्खा हंगाम घेतला. ते आले ते मी सांगितलं म्हणून नाही. पुतण्याच्या हळदीच्या फोटोंतल्या मुलीच्या गालावर तीळ दिसत होता आणि त्यांच्या फोटोत नव्हता, म्हणून.

सुटलेलं एक नुकसान म्हणजे जुनी बॉडी. ‘असू दे, अडीअडचणीला’ करत ती आठ महिने कपाटात राहिली. तोवर जुन्या डीएसएलआरचे भाव आणखी उतरले आणि ऑक्टोबरमध्ये जे सांगितलं गेलं होतं त्याच्या निम्म्याला ती गेली.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणीत आम्ही झेड६ टू वर फक्त २४-७० लावून पाहिली. ८०-२०० लावून अण्णांच्या हातात दिली असती तर निकॉनच्या पर्यायाबद्दलची चर्चा पाच मिनिटांत जमिनीवर आली असती. आपल्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत लाडकी लेन्स आधी लावून पाहायची, हे मी आता विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आणखी थांबायला हवं होतं का, हा प्रश्न पुतण्यानेच नंतर काढला. आम्ही ठरवलं त्यानंतर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर २०२२ मध्ये, कॅननने आर६ मार्क टू जाहीर केला आणि अर्ध्या तासाची मर्यादा गेली. निकॉनचा झेड६ थ्री जून २०२४ मध्ये आला, फोकसमध्ये बराच पुढे गेलेला. आज तीच तुलना केली तर चुरस जास्त होईल. पण थांबलो असतो तर त्या हंगामातलं व्हिडिओचं काम पुन्हा बाहेर गेलं असतं. मला निर्णयाची वेळ योग्य वाटते. खरेदीची यादी अपुरी होती.

दुसरी सोनी बॉडी २०२४ मध्ये आली. अण्णा ती वापरतात, स्टेजवरच्या गर्दीत तीच. व्ह्यूफाइंडरबद्दल आता बोलत नाहीत. लेन्स बदलताना मात्र बसल्याचा ‘टक्’ ऐकू येईपर्यंत डावा हात खाली धरून ठेवतात. पाठवणीच्या वेळी ते बॅगेतून डी७५० काढतात, तिच्यावर ८०-२०० आधीपासून लावलेलीच असते, आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहतात.